वर्डलची विक्री : फुकटच्या खेळात विकत घेण्यासारखे काय होते?

३१ जानेवारी २०२२ रोजी ‘द न्यूयॉर्क टाइम्स’ कंपनीने ‘वर्डल’ हा शब्दखेळ विकत घेतल्याचे जाहीर केले. खेळ सर्वांसाठी खुला होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्यात जाहिराती नव्हत्या, खेळण्यासाठी नाव नोंदवावे लागत नव्हते आणि पैसे तर द्यावे लागतच नव्हते. म्हणजे या खेळाची मिळकत शून्य होती. त्याचा नियम जुना होता, त्याचा प्रोग्राम कोणालाही ब्राउझरमध्ये उघडून वाचता येत होता आणि त्याच्या नकला रोज नव्याने निघत होत्या. असे असताना एका मुरलेल्या वृत्तपत्र कंपनीने त्यासाठी लाखो डॉलर का मोजले असावेत? या व्यवहाराचा एकेक पदर उलगडत गेले की असे दिसते की, खेळ म्हणून जे काही होते ते जवळजवळ सगळे फुकटच मिळण्यासारखे होते. कंपनीने पैसे मोजले ते एका नावासाठी आणि त्या नावाने रोज एका ठिकाणी येणाऱ्या माणसांसाठी.

नेमकी किंमत कंपनीने सांगितली नाही. रक्कम सात आकडी असून त्यातही खालच्या टोकाची आहे, एवढेच तिने जाहीर केले. सात आकडी रक्कम १० लाख डॉलरपासून सुरू होते आणि एक कोटी डॉलरच्या आत संपते, तेव्हा खालचे टोक म्हणजे दहा लाखांच्या थोडे पुढे असे समजायचे. त्या वेळी डॉलर ७५ रुपयांच्या आसपास होता. त्या हिशेबाने १० लाख डॉलरचे साडेसात कोटी रुपये होतात. एका माणसासाठी हा पैसा आयुष्य बदलणारा असला तरी कंपनीसाठी तो फारसा नव्हता. त्याच महिन्याच्या सुरुवातीला तिने क्रीडाविषयक बातम्या देणारे ‘द ॲथलेटिक’ हे संकेतस्थळ ५५ कोटी डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले होते. त्या सौद्यापुढे वर्डलचा सौदा चिल्लर खर्चाचा होता, पण चर्चा झाली ती याच सौद्याची.

खेळ साधा आहे. इंग्रजीतला पाच अक्षरांचा एक शब्द ओळखायचा आणि त्यासाठी सहा प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नात खरा शब्दच लिहावा लागतो. लिहिलेले अक्षर योग्य जागी असेल तर त्याचा चौकोन हिरवा होतो, शब्दात असून भलत्या जागी असेल तर पिवळा होतो आणि शब्दातच नसेल तर करडा राहतो. रोज एकच शब्द असतो आणि तो सर्वांना सारखा असतो. खेळाचे निर्माते जॉश वॉर्डल मूळचे वेल्सचे, पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात राहणारे सॉफ्टवेअर अभियंता. त्यांनी २०१३ मध्ये याचा कच्चा नमुना केला होता, तो मित्रांना फारसा न आवडल्यामुळे बाजूला पडला. महासाथीच्या काळात त्यांना आणि त्यांच्या जोडीदार स्त्रीला शब्दकोडी सोडवण्याचा नाद लागला, तेव्हा त्यांनी तो पुन्हा हाती घेतला. गंमत अशी की, ती शब्दकोडी न्यूयॉर्क टाइम्सचीच होती. इंग्रजीतल्या पाच अक्षरी शब्दांची संख्या बारा हजारांच्या घरात जाते. त्यांतले माहितीचे कोणते आणि अनोळखी कोणते हे त्या जोडीदाराने एकेक शब्द पाहून ठरवले आणि सुमारे अडीच हजार शब्द उरले. खेळाच्या यशात या निवडीचा वाटा फार मोठा आहे असे मला वाटते, कारण उत्तर कळल्यावर ‘हा शब्द आपल्याला यायला हवा होता’ असे वाटणे आणि ‘हा शब्द कुठून आणला’ असे वाटणे यात खेळणाऱ्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ऑक्टोबर २०२१ मध्ये खेळ सर्वांसाठी खुला झाला. १ नोव्हेंबरला तो ९० जणांनी खेळला. २ जानेवारी २०२२ रोजी हा आकडा तीन लाखांच्या पुढे गेला होता आणि त्यानंतरच्या आठवड्यात वीस लाखांच्या पुढे. मध्ये घडलेली गोष्ट लहान होती. न्यूझीलंडमधले काही खेळाडू आपला डाव कसा झाला हे ट्विटरवर रंगीत चौकोनांच्या इमोजी टाकून सांगू लागले होते. अक्षरे न दाखवता नुसते रंग दाखवल्यामुळे उत्तर फुटत नव्हते, पण डाव किती अटीतटीचा झाला ते कळत होते. वॉर्डल यांनी हे पाहिले आणि डिसेंबरमध्ये अशी चौकट आपोआप तयार करून देणारे बटण खेळात बसवले. त्या चौकटीसोबत संकेतस्थळाचा दुवाही जात नव्हता. त्यामुळे हिरवे-पिवळे चौकोन पाहणाऱ्याला ते काय आहे हे स्वतःच शोधावे लागे. जाहिरातीवर एक पैसाही खर्च न करता खेळ पसरला तो असा.

आता या खेळाच्या यंत्रणेकडे पाहू, कारण पुढच्या साऱ्या भानगडी तिच्यातूनच निघाल्या. सर्वसाधारणपणे ऑनलाइन खेळात प्रश्न आणि उत्तर कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आपल्या फोनवर फक्त पडदा असतो. मूळ वर्डलमध्ये तसे नव्हते. पान उघडले की सगळा खेळच ब्राउझरमध्ये उतरत असे. त्यात शब्दांच्या दोन याद्या होत्या. पहिलीत उत्तर होऊ शकणारे सुमारे २,३०० शब्द ठरलेल्या क्रमाने लावलेले होते. दुसरीत अंदाज म्हणून चालतील पण उत्तर कधीच होणार नाहीत असे दहा हजारांहून अधिक शब्द होते. १९ जून २०२१ हा शून्यावा दिवस धरून आज कितवा दिवस आहे हे प्रोग्राम मोजायचा आणि यादीतला तितकावा शब्द उत्तर म्हणून घ्यायचा. ही तारीख तो वापरणाऱ्याच्या स्वतःच्या यंत्रावरूनच घेत असे, म्हणून नवा शब्द जगभर एकाच क्षणी न येता त्या त्या देशात मध्यरात्री येई. पुण्यात रात्री बारा वाजता शब्द बदलला तरी न्यू जर्सीत हिवाळ्यात आदल्या दिवशीची दुपारची दीडच वाजलेली असते. त्यामुळे तिथल्या चुलतभावाच्या आधी शब्द सोडवण्याचा आणि तो न फोडता गप्प बसण्याचा अधिकार इकडच्या मंडळींकडे आपसूकच आला होता.

या रचनेचे दोन परिणाम झाले. सर्व्हरला जवळजवळ काही करावे लागत नसल्यामुळे लाखो लोक आले तरी एकट्या माणसाला खेळ चालू ठेवता आला. दुसरा परिणाम असा की, ज्याने ते पान आपल्या संगणकावर उतरवून ठेवले त्याच्याकडे पुढच्या सहा वर्षांचे सगळे शब्द क्रमाने आले. विक्रीची बातमी आल्यावर अनेकांनी नेमके हेच केले, आणि ते करायला संगणकशास्त्र शिकलेले असण्याचीही गरज नव्हती, कारण ब्राउझरमधले ‘पान जतन करा’ हे बटण पुरेसे होते. ज्या मालाची संपूर्ण प्रत गिऱ्हाइकाच्या घरात आधीच पडलेली आहे, तो माल विकत घेऊन विकत घेणाऱ्याच्या हाती नवे काय लागते, हा प्रश्न तेव्हा अगदी रास्त होता.

उत्तरासाठी खेळाचे कायद्याच्या दृष्टीने तुकडे करून पाहावे लागतात. नियमावर कोणाची मालकी होऊ शकत नाही. गुप्त ठेवलेली गोष्ट ठरावीक प्रयत्नांत ओळखायची आणि प्रत्येक प्रयत्नानंतर किती बरोबर हे कळायचे, हा प्रकार रंगीत खुंट्यांच्या ‘मास्टरमाइंड’मध्ये १९७० च्या दशकापासून घरोघरी आहे, पाच अक्षरी शब्दांचा ‘जॉटो’ १९५५ चा आहे, आणि ‘लिंगो’ नावाचा अमेरिकन टीव्हीवरचा खेळ १९८७ पासून जवळपास याच पद्धतीने चालला. भारतातही पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये खेळ खेळण्याची पद्धत पेटंटला पात्र ठरत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. कॉपीराइट मिळतो तो कल्पनेच्या मांडणीला. कल्पना स्वतः मोकळीच राहते. वॉर्डल यांनी लिहिलेला प्रोग्राम, त्यातली मजकुराची आणि चित्रांची मांडणी एवढ्यावर तो लागू होतो. कोणी बसून तोच खेळ स्वतःच्या हाताने नव्याने लिहिला तर त्याला अडवणे अवघड असते. उरते ते नाव, म्हणजे ट्रेडमार्क. वॉर्डल यांनी स्वतःच्या आडनावावर कोटी करून ठेवलेले ते नाव जानेवारी २०२२ पर्यंत जगाला माहीत झाले होते. त्याची किंमत केवढी होती हे एका योगायोगातून दिसते. याच नावाचा, पण अगदी वेगळा असा एक शब्दखेळ एका तरुणाने काही वर्षांपूर्वी ॲप म्हणून केला होता आणि तो जवळपास विसरला गेला होता. लोक चुकून तेच ॲप उतरवू लागले आणि अचानक त्याला लाखोंची गर्दी झाली. ही मिळकत आपल्या कर्तृत्वाची नाही हे ओळखून त्याने ती धर्मादाय कामाला देण्याचे ठरवले.

नाव आणि नियम यांतला हा फरक भारतीय वाचकाला अधिक जवळून पाहता येतो, कारण त्यावरचा एक गाजलेला निकाल दिल्लीतला आहे. कोलकात्याच्या रजत आणि जयंत आगरवाला या भावांनी ‘स्क्रॅब्युलस’ नावाचा खेळ इंटरनेटवर चालवला होता. २००७ मध्ये तो फेसबुकवर आला आणि रोज सुमारे पाच लाख लोक तो खेळू लागले. ‘स्क्रॅबल’ या पटावरच्या खेळाची ती उघडउघड ऑनलाइन आवृत्ती होती. स्क्रॅबलचे हक्क अमेरिका आणि कॅनडात हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीकडे आणि उरलेल्या जगात मॅटेल या तशाच दुसऱ्या कंपनीकडे होते. हॅस्ब्रोने जुलै २००८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दावा लावला आणि त्या दोन देशांत खेळ फेसबुकवरून बंद झाला. मॅटेलचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात होता. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने भावांना ‘स्क्रॅब्युलस’ हे नाव वापरण्यास मनाई केली, कारण ते स्क्रॅबलशी फसवे साम्य असणारे होते. पट आणि नियम यांवर मॅटेलने सांगितलेला कॉपीराइट मात्र न्यायालयाने मनाईसाठी ग्राह्य धरला नाही. परिणाम असा झाला की, खेळ ‘लेक्स्युलस’ या नव्या नावाने, थोड्या बदललेल्या पटावर चालू राहिला आणि पूर्वीची गर्दी मात्र त्याच्याभोवती पुन्हा तशी जमली नाही. लाखो लोकांना आवडलेला फुकटचा शब्दखेळ मोठ्या कंपनीच्या नजरेत आला की सौदा होईल की दावा, हे खेळाच्या गुणांवर ठरत नाही. नाव आधीपासून कोणाच्या खिशात आहे त्यावर ते ठरते. आगरवाला बंधूंच्या वेळी ते कंपन्यांच्या खिशात होते आणि वॉर्डल यांच्या वेळी त्यांच्या स्वतःच्या.

एखादे चालू दुकान विकत घेणारा माणूस फळ्या, तराजू आणि शिल्लक मालापेक्षा कितीतरी जास्त रक्कम देतो, ती त्या दुकानाला लागलेल्या गिऱ्हाइकांची असते. वाणिज्य शाखेच्या पुस्तकांत तिला ‘ख्याती’ म्हणतात. वर्डलच्या सौद्यात फळ्या आणि तराजू जवळपास नव्हतेच, जे होते ते ख्यातीच होती. पण ती ख्याती टाइम्सलाच एवढी उपयोगी का पडावी, हे त्या वृत्तपत्राचा धंदा पाहिल्याशिवाय कळत नाही.

टाइम्स आणि शब्दकोडी यांचे नाते गमतीचे आहे. १९२४ मध्ये अमेरिकेत शब्दकोड्यांची लाट आली तेव्हा याच वृत्तपत्राने तिची वेळेचा अपव्यय म्हणून संभावना केली होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यावर, फेब्रुवारी १९४२ मध्ये, त्याने स्वतःचे रविवारचे शब्दकोडे सुरू केले आणि १९५० पासून ते रोजचे झाले. इंटरनेटच्या काळात छापील जाहिराती आटल्या, तेव्हा जगभरच्या वृत्तपत्रांप्रमाणे टाइम्सलाही वर्गणीकडे वळावे लागले. बातम्यांची वर्गणी घ्यायला तयार नसलेला माणूस शब्दकोड्यांसाठी पैसे देतो हे तिथे लवकर कळले. त्यामुळे शब्दकोड्यांची, आणि तशीच पाककृतींची, वर्गणी वेगळी विकली जाऊ लागली. २०२१ च्या अखेरीस फक्त खेळांचे वर्गणीदार दहा लाखांवर गेले होते. २०२२ च्या सुरुवातीला कंपनीने २०२७ च्या अखेरपर्यंत एकूण दीड कोटी वर्गणीदारांचे उद्दिष्ट ठेवले आणि बातम्या, खेळ, पाककृती, क्रीडा हे सगळे एका गाठोड्यात बांधून विकण्याचे धोरण आखले. गाठोड्याचा फायदा असा की, बातम्यांत रस नसलेल्या दिवशीही वर्गणीदाराला तिथे येण्याचे कारण राहते, आणि रोज येणारा माणूस वर्गणी सहसा बंद करत नाही.

यात वर्डल कुठे बसतो ते एका हिशेबाने पाहता येईल. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, एक कोटी लोक फुकटचा शब्द सोडवायला आले. त्यांतल्या हजारात एकाने शेजारचे दुसरे कोडे उघडून पाहिले आणि वर्षाला चाळीस डॉलरची वर्गणी घेतली, तर दहा हजार वर्गणीदार होतात आणि वर्षाला चार लाख डॉलर येतात. म्हणजे तीन-चार वर्षांत खरेदीची रक्कम वसूल होते, तीही दर दहा हजारांतल्या ९,९९० जणांकडून एक पैसा न घेता. इतके नवे लोक जाहिराती देऊन आणायचे तर त्याचा खर्च याच्या कितीतरी पट येतो. प्रत्यक्षात काय झाले हे कंपनीने २०२२ च्या पहिल्या तिमाहीच्या निकालात सांगितले : वर्डलमुळे कोट्यवधी नवे लोक टाइम्सकडे आले, त्यांतले बरेच जण दुसरे खेळ खेळण्यासाठी थांबले आणि खेळांच्या वर्गणीदारांत तोवरची सर्वांत मोठी तिमाही वाढ झाली. त्यामुळे ‘फुकट ठेवणार असतील तर विकत का घेतला’ हा त्या वेळी सर्रास विचारला गेलेला प्रश्न उलट बाजूने वाचायला हवा. तो फुकट राहिला तरच या खरेदीला अर्थ होता. पहिल्याच दिवशी पैसे मागितले असते तर विकत घेतलेली गर्दीच पांगली असती.

वॉर्डल यांनी का विकला, याचे उत्तर पैशापुरते नाही. जानेवारीतल्या त्या काही आठवड्यांत त्यांच्या खेळाच्या हुबेहूब नकला ॲप म्हणून पैसे घेऊन विकल्या जात होत्या. त्यांतल्या एकाने तर मूळ नावच वापरले होते. ओरड झाल्यावर ॲपलने त्यांतली बरीच ॲप आपल्या दुकानातून काढून टाकली. वॉर्डल यांनी विक्रीच्या वेळच्या निवेदनात हे सगळे एकट्या माणसाला झेपण्यापलीकडे गेल्याची कबुली दिली, आणि मार्च २०२२ मध्ये खेळनिर्मात्यांच्या परिषदेत बोलताना त्यांच्या म्हणण्याचा रोख असाच होता की, आपल्याला खेळाचा धंदा चालवायचा नव्हता, नकला करणाऱ्यांशी भांडत बसायचे नव्हते आणि विक्री ही त्यातून बाहेर पडण्याची वाट होती. नावाची राखण करायला वकील लागतात, वकिलांना पैसे लागतात आणि पैशासाठी खेळातून मिळकत काढावी लागते. ती काढायची नसेल तर नाव दुसऱ्याच्या हवाली करणे हाच मार्ग उरतो. त्यांच्यावर त्या काळात झालेली ‘विकला गेला’ ही टीका मला म्हणूनच पटत नाही.

हस्तांतर फेब्रुवारीत झाले आणि खेळ ब्राउझरमध्ये राहण्याची ती जुनी रचना इथे आडवी आली. किती डाव जिंकले, सलग किती दिवस जिंकले ही आकडेवारी मूळ खेळ ब्राउझरच्या स्थानिक साठ्यात ठेवत असे. सुरक्षेसाठी ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाचा साठा वेगळा ठेवतो; एका पत्त्याने लिहिलेले दुसऱ्या पत्त्याला वाचता येत नाही. खेळ वॉर्डल यांच्या पत्त्यावरून टाइम्सच्या पत्त्यावर गेला तेव्हा नव्या पानाच्या दृष्टीने प्रत्येक जुना खेळाडू नवाच होता. म्हणून जुने पान उघडले की त्यातली आकडेवारी सोबत देऊन वाचकाला नव्या पानाकडे पाठवण्याची सोय करण्यात आली. बहुतेकांचे निभावले, पण काहींची महिन्यांची मालिका शून्यावर आली आणि त्यांनी मोठा गलका केला. याच सुमारास नव्या पानावर जाहिरात कंपन्यांना माहिती पोहोचवणारे ट्रॅकर बसले असल्याचेही तांत्रिक मंडळींनी दाखवून दिले. त्याची ओरड मालिकेइतकी झाली नाही. माझ्या मते ती अधिक व्हायला हवी होती, कारण जुन्या आणि नव्या खेळातला सर्वांत खरा बदल तोच होता.

मग शब्द बदलले. टाइम्सने यादीतून काही शब्द काढले. त्यांत गुलामगिरीशी आणि जमावाने केलेल्या हत्यांशी जोडलेले शब्द होते, तसे केवळ अनोळखी वाटणारेही होते. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी नव्या पानावर उत्तर ‘अरोमा’ आले, तर ज्यांनी जुने पान जतन केले होते त्यांना ‘ॲगोरा’ आले. यादीतला एक शब्द गळला की मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात, त्यामुळे त्या दिवसापासून दोन्ही खेळांचे पाऊल जुळेनासे झाले आणि सर्वांना एकच शब्द ही खेळाची मूळ मजा त्या मंडळींपुरती संपली. याहून अवघड प्रसंग ९ मे रोजी आला. गर्भपाताच्या हक्काबाबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा मसुदा आदल्याच आठवड्यात फुटला होता, आणि त्या दिवसासाठी यादीत वर्षभरापूर्वीच लागलेला शब्द होता ‘फीटस’, म्हणजे गर्भ. संपादकांनी तो बदलला. परंतु खेळ ज्याच्या त्याच्या ब्राउझरमध्ये उतरलेला असल्यामुळे ज्यांनी पान ताजे केले नव्हते त्यांना तोच शब्द दिसला. हा योगायोग असल्याचा खुलासा कंपनीला करावा लागला, आणि सर्वांना नक्की तोच शब्द पोहोचेल अशा रीतीने यंत्रणा बदलण्याचे कामही हाती घ्यावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रेसी बेनेट यांची वर्डलच्या संपादक म्हणून नेमणूक झाली. तारखेच्या गणिताने चालणारा खेळ त्या दिवसापासून वृत्तपत्राच्या इतर पानांसारखा संपादित होऊ लागला.

फुकट राहण्याच्या वचनाचे काय झाले, हेही पाहायला हवे. खरेदीच्या वेळी कंपनीने खेळ सुरुवातीला नव्या-जुन्या सर्व खेळाडूंना मोफत राहील असे म्हटले होते. रोजचा शब्द तसा राहिलाही, पण त्याच्या भोवती गोष्टी उभ्या राहत गेल्या. आपला डाव किती कौशल्याचा झाला हे सांगणारा ‘वर्डलबॉट’ आला, आकडेवारी जपायची तर खाते उघडण्याची सूचना आली, पानावर जाहिराती आल्या. जुन्या तारखांचे शब्द खेळू देणारी एक खासगी सोय इंटरनेटवर होती, ती मार्च २०२२ मध्ये टाइम्सच्या सांगण्यावरून बंद झाली, आणि मे २०२४ मध्ये तशीच सोय टाइम्सने स्वतः सुरू केली, ती वर्गणीदारांसाठी. पटावर खेळायचे वर्डलही बाजारात आले. ते तयार केले हॅस्ब्रोने, म्हणजे आगरवाला बंधूंवर दावा लावणाऱ्या त्याच कंपनीने, आणि या वेळी सगळे रीतसर करारनाम्याने झाले.

विकत घेतलेला प्रत्येक खेळ असा टिकतोच असे नाही. गाण्याची सुरुवातीची धून ऐकून गाणे ओळखण्याचा ‘हर्डल’ हा वर्डलवरूनच सुचलेला खेळ जुलै २०२२ मध्ये स्पॉटिफायने घेतला आणि मे २०२३ मध्ये बंद करून टाकला. गाणी ऐकवून पैसे मिळवणाऱ्या कंपनीला तो खेळ जवळचा वाटला असणार, पण तो खेळणारा माणूस पुढे वर्गणी घेतोच अशी साखळी तिथे जुळली नसावी. एकाच वेळी चार शब्द ओळखण्याचा ‘क्वॉर्डल’ शब्दकोशवाल्या मेरियम-वेब्स्टरने जानेवारी २०२३ मध्ये घेतला; शब्दांसाठी येणारे लोक हेच ज्याचे भांडवल आहे अशा प्रकाशनाकडे तो गेल्यामुळे त्याचे बरे चालले आहे.

नियम मोकळा असल्यामुळे वर्डलच्या शेकडो भाषांतल्या आणि विषयांतल्या भावंडांनी या काळात जन्म घेतला, त्यांत मराठीही होती. देवनागरीत हा खेळ करणे इंग्रजीइतके सरळ नाही. ‘पुस्तक’ हा शब्द तीन अक्षरांचा धरला, आणि खेळणाऱ्याने पहिल्या घरात ‘पा’ लिहिले, तर त्याचे व्यंजन बरोबर आणि मात्रा चूक असते. त्याला हिरवा द्यायचा, पिवळा द्यायचा, की त्यासाठी चौथाच रंग आणायचा हे करणाऱ्याला स्वतः ठरवावे लागते. ‘स्त’ हे जोडाक्षर एक धरायचे की दोन, हा पुढचा प्रश्न. म्हणजे अशा आवृत्त्या करणाऱ्यांनी नुसती नक्कल केलेली नसते, नियमातच नवी भर घातलेली असते.

अशा अनेक आवृत्त्यांना आधार झालेला एक खुला, म्हणजे कोणालाही उचलून वापरता येणारा, प्रोग्राम गिटहब या प्रोग्राम ठेवण्याच्या संकेतस्थळावर होता. वर्डलसारखा खेळ आपल्या भाषेत करायचा तर तो उचलून त्यात शब्दांची यादी बदलली की काम होई, आणि त्याच्या शेकडो प्रती निघाल्या होत्या. मार्च २०२४ मध्ये टाइम्सने त्या प्रोग्रामवर आणि त्याच्या प्रतींवर कॉपीराइटच्या तक्रारी केल्या. कंपनीचे म्हणणे असे होते की, वर्डलसारखे खेळ करायला तिची हरकत नाही, परंतु वर्डलचे नाव आणि त्याची मांडणी उचलणे तिला मान्य नाही. मांडणीत तिने पाच बाय सहाच्या चौकटीचा आणि हिरव्या-पिवळ्या-करड्या रंगांचाही समावेश केला. तो प्रोग्राम लिहिणाऱ्याने तो काढून घेतला, त्यामुळे रंगीत चौकोनांची अशी चौकट मांडणीत मोडते की नियमात, हा प्रश्न न्यायाधीशापुढे गेलाच नाही.